वाचनालयाचं ॲप करताना: गरज आधी, मूल्यं नंतर, प्रेरणा शेवटी

एखादी संस्था ॲप करायचं ठरवते तेव्हा पहिल्याच बैठकीत हमखास प्रश्न येतो: लोकांनी ते रोज उघडावं म्हणून काय करायचं? मग गुण देऊ, बिल्ले देऊ, सकाळ-संध्याकाळ सूचना पाठवू, महिन्यातल्या पहिल्या दहा जणांची नावं झळकवू, अशा कल्पना निघतात. हा प्रश्न प्रेरणेचा आहे आणि खरं तर तो तिसरा आहे. त्याआधी दोन सुटायला हवेत. माणसाचं अडतंय कुठं, हा गरजेचा. त्याचं काम करून देताना त्याच्या कुठल्या गोष्टीला धक्का लागता कामा नये, हा मूल्यांचा. तरी सुरुवात प्रेरणेपासून होते, कारण ते काम सगळ्यांत सोपं. सूचना पाठवण्याची सोय अर्ध्या दिवसात होते. गरज समजायला मात्र काउंटरपाशी तासन्‌तास उभं राहावं लागतं.

तिन्ही प्रश्न एकाच उदाहरणावर लावून बघू. समजा, बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या पट्ट्यात एक जुनं मराठी वाचनालय आहे. ६०० सभासद, १८,००० पुस्तकं, देवघेवीला ग्रंथपाल आणि एक मदतनीस, वेळ संध्याकाळचे तीन तास. समितीनं ॲप करायचं मनावर घेतलंय.

अडतंय कुठं

‘ॲप काढलं तर वापराल का?’ असं विचारू नये. भिडेखातर सगळे ‘हो हो, नक्की’ म्हणतात आणि त्या होकारावर पैसे खर्च होतात. त्याऐवजी घडून गेलेलं विचारावं: ‘मागच्या खेपेला पुस्तक न्यायला आलात तेव्हा घरातून निघाल्यापासून काय काय झालं?’ पुढे काय कराल, याचं उत्तर अंदाजानं येतं; मागं काय झालं, याचं आठवणीतून. आठवणीत नेमक्या अडचणी असतात.

दुसरं काम निरीक्षणाचं. चार-पाच संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशेजारी वही घेऊन बसावं. तीन रकाने पुरतात: माणूस कशासाठी आला, त्यानं कोणत्या शब्दांत विचारलं, आणि काय घेऊन परत गेला. ‘कोणत्या शब्दांत’ हा रकाना महत्त्वाचा, कारण पडद्यावरच्या बटणांची नावं तिथूनच मिळतात. ‘उपलब्धता तपासा’ असं कुणी बोलत नाही. लोक विचारतात, ‘दुसरा भाग आलाय का?’ ‘त्या बाईंचं नवीन काही आहे?’ आणि ज्येष्ठ सभासदांचा तर नेहमीचा प्रश्न, ‘हे मी आधी नेलं होतं का हो?’

अशा नोंदी वाचल्या की गरज निराळीच निघते. गोत्री, मांजलपूरकडे राहायला गेलेल्या सभासदाला ॲपची हौस नसते. गर्दीतून दांडिया बाजारात यायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि पुस्तक बाहेर गेलंय म्हणून हात हलवत परत जायचं, हे त्याला नको असतं. त्याची गरज एका वाक्यात मावते: खेप वाया जाऊ नये. ती भागवायला दोनच गोष्टी लागतात. पुस्तक आत आहे की बाहेर हे घरबसल्या कळणं, आणि ते आपल्यासाठी राखून ठेवता येणं. ६०० सभासदांच्या वाचनालयात हे काम ग्रंथालयाच्या संगणकाला जोडलेलं एक साधं वेबपान आणि संध्याकाळी उचलला जाणारा एक फोन एवढ्यावर होतं. निराळं ॲप हवंच असं नाही, आणि आमच्या मते बहुतेक लहान संस्थांना ते नकोच. ॲप म्हटलं की ते अद्ययावत ठेवणं आलं, फोन बदलला की पुन्हा बसवून देणं आलं, आणि दोन वर्षांनी करणारा मुलगा नोकरीनिमित्त गावाबाहेर गेला की ते बंद पडणं आलं.

गरजेपासून सुरुवात करण्याची रीत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेल्या माणसाला पुढं वाचायलाच काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. म्हणून १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं खातं उभारलं. त्यातला रचनेचा खरा धडा फिरत्या पेट्यांचा आहे. खेड्यातला वाचक शहरात येऊ शकत नाही, तर पुस्तकांची पेटीच गावात पाठवायची. आधी इमारत बांधू, मग लोकांना यायला लावू, असा तो विचार नव्हता.

फोन म्हणजे माणूस नव्हे

तयार प्रणालींमध्ये एक गृहीत खोलवर रुतलेलं असतं: एक माणूस, एक मोबाइल क्रमांक. जुन्या शहरातल्या मराठी घरात ते लगेच मोडतं. आजी-आजोबा आणि सून अशा तिघांचं सभासदत्व असतं आणि क्रमांक एकच. किंवा आजींच्या नावापुढे मुलाचा क्रमांक आणि मुलगा पुण्यात. ओटीपी पुण्यात वाजतो, आजी काउंटरवर उभ्या. यावर उपाय डेटाबेस आखतानाच करावा लागतो. सभासदाची ओळख म्हणजे वाचनालयाचा सभासद क्रमांक. मोबाइल हा केवळ संपर्काचा रकाना, आणि एकच मोबाइल अनेक सभासदांना चालला पाहिजे. मोबाइललाच मुख्य ओळख करून ठेवलं आणि दोन वर्षांची नोंद साठली, की हे दुरुस्त करणं फार महागात पडतं.

ओटीपी लागणारच असेल तर त्याची मुदत ३० सेकंदांची नको, ५ ते १० मिनिटांची हवी. मेसेज बघायला दुसरीकडे गेलेला माणूस परत येईपर्यंत पडदा कोरा झालेला नसावा. पुस्तक आहे की नाही, एवढं बघायला तर ओटीपी मागूच नये.

वयाबरोबर शरीर बदलतं, तेही रचनेत धरावं लागतं. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला घरून देता यावा म्हणून १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं. त्यात मुख्यतः बोटाचा ठसा घेतला जाई, आणि म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यामुळे यंत्र ठसा ओळखत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. वाचनालयात प्रश्न छोटे आहेत, पण जात तीच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण निदान ४.५ : १ हवं, हा वेब सुगम्यतेचा मान्य निकष. फिकट करड्या रंगातली देखणी अक्षरं त्यात नापास होतात. बटण बोटाला सापडण्यासाठी सुमारे ९ मिलिमीटर उंच-रुंद हवं. आणि देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार; इंग्रजीसाठी बेतलेलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ओळीची उंची ठेवली तर वाचताना डोळे थकत नाहीत.

शोधपेटीतला खरा घोळ

एवढ्यातली एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण मराठी प्रणाली इथंच सगळ्यात जास्त मार खातात. शोधपेटीत ‘सातपुऱ्याच्या’ असं टाइप केलं. पुस्तक कपाटात आहे, यादीतही आहे. तरी उत्तर येतं ‘काही सापडलं नाही’. कारण ‘ऱ्य’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिलं जातं: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून, एकदा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला निराळी. काही कळफलकांवर तर ‘सातपुर्याच्या’ असंच उमटतं. ‘ॲ’चं तेच: एक सुटं अक्षर, दुसरं ‘अ’वर चंद्र. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या आपल्या सवयी, आणि ‘संत’ की ‘सन्त’ हा भेद.

उपाय असा. दिसणारं नाव शुद्ध ठेवायचं, पण प्रत्येक पुस्तकामागे शोधासाठी एक लपलेला रकाना करायचा. त्यात न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकायची, ‘ऱ’चा ‘र’ करायचा, ‘ॲ’ची दोन्ही रूपं एक करायची, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे, जोडाक्षरातल्या अनुनासिकाच्या जागी अनुस्वार घालायचा. वाचकानं टाइप केलेल्या शब्दालाही हीच चाळणी लावायची आणि मग दोन्ही जुळवायचे. चाळणी एकाच बाजूला लावली तर उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी चूक तीच होते.

बडोद्यात आणखी एक पदर आहे. घरी मराठी बोलणारी, पण गुजराती माध्यमात शिकलेली पिढी देवनागरीपेक्षा गुजराती लिपी झरझर वाचते आणि फोनवर गुजरातीतच टाइप करते. तिला ‘मराठी येत नाही’ असं म्हणणं अन्यायाचं होईल. लिपी तेवढी वेगळी. तंत्राच्या बाजूनं हे सोपं आहे. युनिकोडमध्ये गुजराती आणि देवनागरी अक्षरं समांतर क्रमानं मांडलेली आहेत, त्यामुळे गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की तेच देवनागरी अक्षर मिळतं. म्हणजे गुजरातीत टाइप केलेला शब्द शोधपेटीनं मुकाट्यानं देवनागरीत नेऊन शोधायचा. पडद्याची भाषा आणि लिपी प्रत्येकाला कधीही बदलता यावी, आणि ती निवड लक्षात राहावी.

धक्का कशाला लागता कामा नये

मूल्यं म्हटलं की बोधवाक्यं सुचतात. इथं अर्थ अगदी व्यवहारातला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बात्या फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून हा विचार पद्धतशीर मांडला: प्रणालीशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांची यादी करायची, जे तिला हातही लावणार नाहीत पण ज्यांच्यावर तिचा परिणाम होईल त्यांचीही, आणि प्रत्येकाचं काय जपायचं ते आखणी करतानाच ठरवायचं. नंतर ठिगळ लावू म्हणून चालत नाही.

वाचनालयात जपायची पहिली गोष्ट म्हणजे कोण काय वाचतं याची गुप्तता. समजा, एखाद्या बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं किंवा एखाद्या आजारावरचं पुस्तक राखून ठेवलं, आणि संदेश घरातल्या सामाईक फोनवर आला. पडदा बंद असतानाही मजकूर वर दिसतो. म्हणून संदेशात पुस्तकाचं नाव घालायचं नाही. ‘राखून ठेवलेलं पुस्तक आलं आहे. शनिवारपर्यंत घेऊन जावं. – वाचनालय’ एवढं पुरे. हा मजकूर एका एसएमएसमध्ये बसतो, हा आणखी एक फायदा. देवनागरीत एका एसएमएसला ७० चिन्हांचीच मर्यादा असते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ओलांडलं की दोन संदेशांचे पैसे. शिवाय डीएलटीवर, म्हणजे संस्थांच्या एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांनी ठेवलेल्या नोंदणी-व्यवस्थेत, संस्थेचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवून घ्यावा लागतो, तेव्हा शब्द एकदाच नीट ठरवलेले बरे.

आता मघाचा प्रश्न: ‘हे मी आधी नेलं होतं का?’ उत्तर द्यायचं तर प्रत्येकानं नेलेल्या पुस्तकांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवावी लागेल. गुप्तता जपायची तर पुस्तक परत येताच ते नातं पुसायला हवं. दोन्ही गोष्टी वाचकाच्याच हिताच्या आणि तरी त्या एकमेकींना छेद देतात. कागदी काळात वाचकांनी यावर स्वतःच तोड काढली होती: ठरावीक पानावर पेन्सिलीची बारीक खूण. पुस्तक आपण वाचलंय हे आपल्यालाच कळतं, इतरांना नाही. त्या खुणेतली अक्कल प्रणालीत आणायची. मूळ व्यवस्था नोंद पुसण्याची ठेवायची. ज्याला यादी हवी त्यानं ती स्वतः सुरू करायची, ती त्यालाच दिसावी, आणि हवी तेव्हा पुसता यावी. ‘कोहा’ या मुक्त ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये देवघेवीचा इतिहास निनावी करण्याची सोय आहे. ती चालू करायची एवढंच, पण ते करायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ हेच तत्त्व धरून आहे. संमती नेमक्या कामापुरती हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमती मागतानाचं माहितीपत्रक राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा गुजरातीतही वाचायची सोय हवी. १८ वर्षांखालच्या सभासदासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, तेव्हा बालविभागाच्या नोंदणीचा रस्ता सुरुवातीलाच वेगळा आखावा. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. जन्मतारीख, आधार, घरचा पूर्ण पत्ता यांतलं पुस्तक द्यायला काय लागतं, ते प्रत्येक रकान्यापाशी विचारावं. जे लागत नाही ते मागितलंच नाही तर सांभाळायचीही चिंता नाही.

प्रणालीशी संबंध येणाऱ्यांच्या यादीत ग्रंथपालही आहेत, आणि बहुतेक आराखड्यांत तेच राहून जातात. कोणाला काय आवडतं हे त्यांना ठाऊक असतं; ‘तुम्ही हे वाचा’ हा त्यांचा अधिकार असतो. प्रणालीनं तो हिरावून त्यांना नुसतं बारकोड दाखवणाऱ्याच्या जागी बसवलं, तर वाचनालय वाचकांसाठी उणंच झालं.

प्रेरणा, आणि तिचं होणारं नुकसान

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धान्त इथं उपयोगी पडतो. माणूस एखादी गोष्ट मनापासून करत राहतो तेव्हा तीन गरजा भागत असतात: आपण आपल्या मर्जीनं करतोय ही जाणीव, आपल्याला जमतंय हा अनुभव आणि आपल्या माणसांशी असलेलं नातं. बाहेरून लावलेलं आमिष यांतल्या पहिलीलाच खातं. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना प्रमाणपत्र देण्याचं आधी कबूल केलं. प्रमाणपत्र मिळालं, आणि पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी चित्रकलेला इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. तेव्हा ‘महिन्याचा सर्वाधिक वाचक’ असा फलक लावायचा मोह टाळावा. आकड्याला मान मिळाला की लोक बारीक पुस्तकं नेतात, न वाचता परत करतात, आणि सावकाश वाचणाऱ्याला उगीच कमीपणा येतो.

दंडाचं गणितही असंच उलटू शकतं. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढून सुमारे दुप्पट झाली, आणि दंड काढल्यावरही खाली आली नाही. आधी पाळणाघरात ताटकळलेल्या बाईंची भीड वाटत होती. पैसे मोजल्यावर ती उरली नाही. वाचनालयात प्रणालीनं आपोआप दंड आकारायच्या आधी माणसाच्या भाषेत आठवण करावी: ‘या पुस्तकासाठी आणखी दोन वाचक थांबले आहेत.’ इथं दुसऱ्या वाचकाशी नातं जोडलं जातं, आणि ते खरं असेल तेव्हाच लिहायचं. खोटी घाई दाखवणं हा भारतात ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्यांपैकी एक ठरला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘नको, मला वाचनाची आवड नाही’ असं नकाराच्या बटणावर छापून माणसाला लाजवणंही त्याच यादीत येतं. वर्गणी आपोआप कापायची सोय असेल तर ती थांबवायचं बटणही त्याच पानावर, तेवढंच ठळक हवं.

‘जमतंय’ हा अनुभव चुकीच्या संदेशांवर ठरतो. ‘अवैध नोंद’ वाचून माणूस थबकतो. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, आपण ९ अंक भरलेत’ वाचून तो एक अंक भरतो.

कागदावर आधी

कोड लिहायच्या आधी प्रत्येक पडदा एकेका कागदावर पेन्सिलीनं काढावा. समोर सभासद बसवावा. त्यानं बोट ठेवलं की आपण पुढचा कागद सरकवायचा. काम सांगताना बटणावरचा शब्द उच्चारायचा नाही. ‘राखीव वर जा’ असं नव्हे. ‘काकू, हे पुस्तक शनिवारी तुम्हाला न्यायचंय, कुणी आधी नेऊ नये म्हणून काय कराल?’ असं. मग गप्प राहायचं. मदत करायची उबळ येते, ती आवरायची. कुठं थबकल्या, कुठून मागं फिरल्या, कशाला काय म्हणाल्या, एवढं टिपायचं. आणि कागदावर दोन वेगळे आराखडे दाखवावेत. एकच दाखवला तर लोक भिडेनं ‘छान आहे’ म्हणतात, दोन असले की तुलना करून बोलू लागतात.

माणसं किती? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या हिशेबानं एक जण सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, त्यामुळे पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. पण हे पाच एकाच प्रकारचे धरून. आपल्याकडे ज्येष्ठ वेगळे, गुजराती लिपीवाले तरुण वेगळे, देवघेवीचे कर्मचारी वेगळे. पाच-पाच जण घ्यावेत, दुरुस्त करून पुन्हा पाच. समितीच्या सदस्यांवर चाचणी करू नये. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तसं पुन्हा झालं, वीज आणि नेट गेलं, तर देवघेव थांबू नये. टेबलाच्या खणात सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, तारीख असे तीन रकाने छापलेली वही ठेवावी. वीज आली की कुणी आणि कधी ती संगणकावर चढवायची, हेही लिहून ठेवावं. नाहीतर त्या काळात परत आलेली पुस्तकं महिनोन्‌महिने ‘बाहेर’ दिसत राहतात आणि विश्वास उडतो.

चालू झाल्यावर किती जणांनी किती वेळ उघडलं, हे मोजण्यात अर्थ नाही. पटकन काम झालं तर वेळ कमीच लागणार. मोजायचं ते असं: राखून ठेवलेल्यांपैकी किती पुस्तकं वाचकाच्या हाती पोचली, किती दिवसांत, आणि शोधपेटीत काय शोधलं तेव्हा काहीच सापडलं नाही. ही शेवटची यादी दर सोमवारी काढावी, सभासदाचं नाव न जोडता. तिच्यात दोन प्रकार निघतील. पुस्तक असून सापडलं नाही, ते शब्द चाळणीत घालायचे. पुस्तक नाहीच, ती नावं खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवायची.